वाक्य पुरं होईपर्यंत

१२ जून

प्रिय आत्या,

बाबा म्हणाला, आत्याला पत्र लिही, तोच आजचा निबंध. मार्कही तोच देणार आहे. तेव्हा त्याच्याबद्दल वाईट काही लिहिता येणार नाही, हे तू समजून घे.

शाळेतला तो प्रकार तुला त्याने फोनवर सांगितलाच असेल. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर आली आणि मी एका शब्दावर जी अडले, ती बाबा न्यायला येईपर्यंत. माझं अडखळणं तुला काही नवीन नाही. पण तुझ्यासमोर अडखळणं वेगळं आणि अख्ख्या वर्गासमोर वेगळं. दुसऱ्याच दिवशी बाबाने माझं नाव शाळेतून काढलं. मग त्याने प्रेसमधली नोकरीही सोडली आणि बाइंडिंगचं काम घरी घेतलं, मला शिकवता यावं म्हणून. पुढची खोली आता कारखाना झालीय. खळीचा वास जेवणाच्या ताटापर्यंत येतो आणि आई ड्यूटीवरून आली की म्हणते, हॉस्पिटलातल्या औषधांच्या वासापेक्षा हा बरा.

माझी शाळा या खोलीतच भरते. पुठ्ठा कापायचा म्हणजे भूमिती. वाचनाला पुस्तकं विकत आणायची नाहीत, गिऱ्हाइकांची जी बांधायला येतात ती वाचायची, आणि परत जायच्या आत संपवायची. पुस्तकं सुट्या फर्म्यांत येतात, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या. बाबा ज्या फर्म्याची शिवण करत नसेल तो माझा. त्यामुळे मधमाश्यांवरचं पुस्तक मी मधूनच सुरू केलं. वकिलांचे निकाल वाचले, त्यात दोन भाऊ एका विहिरीवरून आयुष्यभर भांडले. जहाजावरच्या एका डॉक्टरच्या आठवणी होत्या, त्यात साथ पसरते आणि तो स्वतःच आजारी पडतो, तेवढ्यात गिऱ्हाईक येऊन पुस्तक घेऊन गेलं. डॉक्टरचं काय झालं कोण जाणे.

संध्याकाळी कापायचं टेबल मोकळं करून आम्ही टेबल टेनिस खेळतो. नेट म्हणून मधोमध बांधलेली पुस्तकं उभी करतो. बाबा म्हणतो, बॉल बसूनही पुठ्ठा हलला नाही तर बांधणी पक्की.

तुझी,
भिंगरी

---

२८ जून

प्रिय भिंगरी,

तुझ्या बापाला सांग, माझ्या पत्राला मार्क द्यायच्या भानगडीत पडू नकोस. त्याच्या हातात पहिली पाटी मी दिली आणि पहिली बॅटही मीच.

पत्र वाचून मी एकटीच हसत बसले होते. पण खरं सांगू का, काळजीही वाटली. मी जन्मभर शाळेत शिकवतेय, तेव्हा घरच्या शाळेबद्दल मी नाक मुरडणारच. ते सोडून दे. वकिलांचे निकाल वाचणारी मुलगी माझ्या वर्गात एकही नाही, हेही खरं.

एक मात्र ऐक. रोज बापाशीच खेळून खेळ येत नाही. त्याचे सगळे फटके तुला पाठ आणि तुझे त्याला. जवळपास एखादा क्लब असेल तिथे जा. अनोळखी हातातून आलेला बॉल कसा येतो ते बघ. बाबा कुरकुर करेल. करू दे, माझं नाव सांग.

आणि डॉक्टर वाचला असणार. नाहीतर आठवणी कोणी लिहिल्या?

आत्या

---

९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

डॉक्टरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! बाबाला सांगितलं तर तो इतका हसला की खळीचा ब्रश खाली पडला.

क्लबमध्ये जायला लागले. एक जुनं गोदाम आहे, वर पत्रा, आत पाच टेबलं. खेळताना बोलायची फार गरज पडत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. सर बोटानेच सांगतात, तू त्या टेबलावर. बाबा सोडायला येतो आणि बाहेर बाकावर बसून राहतो. सगळ्यांना वाटतं तो क्लबचा शिपाई आहे. परवा एकाने त्याला दिवा लावायला सांगितला आणि त्याने लावलाही.

खेळ बरा चाललाय असं सर म्हणतात. फक्त एक आहे. अकराची गेम असते, त्यात मी नऊपर्यंत पुढे असते आणि मग हरते. लांब वेणीची एक मुलगी आहे, तिच्याशी तर दर वेळी. काय होतं कळत नाही.

गणित मात्र फार सुधारलंय. दर दोन पॉइंटांनी सर्व्हिस बदलते ना, तर कुठल्या आकड्याला कोणाची सर्व्हिस येणार हे मी आता खेळता खेळता सांगू शकते.

बाबा नवीन काहीतरी ठरवतोय. मी काही मागायच्या आधीच ते माझ्यासमोर असतं. तोंड उघडलं की पाणी येतं, पुस्तक येतं, कात्री येते. आई म्हणते, राजकन्येचे लाड आहेत.

भिंगरी

---

२४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझा रोग मला ठाऊक आहे. याला म्हणतात जिंकायची भीती. आमच्या वेळी गेम एकवीसची असायची, तेव्हा एक होती, एकोणिसावर आली की बॉल नेटमध्येच घालायची. पुढे तीच आमच्यात सगळ्यात भारी निघाली.

उपाय सांगते. नऊवर पोचलीस की घाई करायची नाही. बॉल टेबलावर टपटप करायचा, खोल श्वास घ्यायचा आणि स्कोअर खणखणीत आवाजात म्हणायचा. अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते, समोरचीला धाक बसतो. माझा आवाज दोन टेबलं पलीकडे ऐकू जायचा. अजूनही जातो, आमच्या मुख्याध्यापकांना विचार.

बॅटसाठी नवीन रबर पाठवतेय. चिकटवायला बाबा आहेच.

आत्या

---

१७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

हे पत्र बाबाने वाचलेलं नाही. आईचा डबा पोचवायला हॉस्पिटलात गेले होते, तिथल्या पेटीत टाकतेय.

तुझा उपाय करता येत नाही म्हणूनच तर मी हरते. क्लबमध्ये पंच नसतो. ज्याची सर्व्हिस, त्याने स्कोअर म्हणायचा. घरी तो कायम बाबा म्हणायचा, म्हणून मला हे कधी माहीतच नव्हतं. आणि द हा माझा जन्माचा वैरी आहे. दोनला मी बोटं दाखवून वेळ मारून नेते, सुरुवातीला कोणी लक्ष देत नाही. पण दहाला सगळे वळून बघतात. म्हणून मी हिशोब करते की दहा व्हावेत ते तिच्या सर्व्हिसला. तसं जमणार नसेल तर बॉल सरळ बाहेर मारते. लांब वेणीवालीला वाटतं, तिचा बॅकहँड जबरदस्त आहे. वाटू दे बिचारीला.

आता दुसरी गोष्ट. ही कोणालाच माहीत नाही.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी बाबाला काहीतरी सांगत होते. मी शेवटच्या बाकावर बसायचे ना, तर वाचताना अडले की सगळी मुलं माना वळवून बघायची. त्या चेहऱ्यांमुळे मी जास्त अडायचे. मला म्हणायचं होतं, ‘मला शाळेत पुढच्या बाकावर बसवायला सांग.’ एवढंच. ‘मला शाळेत’ इथपर्यंत आले आणि अडले, आणि रडायलाही लागले. बाबा म्हणाला, ‘नाही जायचं ना? नको जाऊस. कोण पाठवतंय तुला!’ आणि मला जवळ घेतलं. मी मान हलवली. मान हलवणं सोपं असतं, आत्या.

मग नोकरी सुटली, कारखाना आला, सगळंच झालं. आता कुठल्या तोंडाने सांगू की मला फक्त बाक बदलून हवा होता?

मला इथलं आवडतं. ही पुस्तकं मला शाळेत कधीच मिळाली नसती. पण मला शाळेत जायचंय. दोन-तीनदा सांगायला सुरुवात केली. दर वेळी बाबा माझं वाक्य पुरं करतो, वेगळंच काहीतरी, आणि मी मान हलवते. चिठ्ठी लिहून दे असं सांगू नकोस. एकदा दिली की मग आयुष्यभर चिठ्ठ्याच देत बसावं लागेल. मला ते बोलायचंय.

त्याला काही सांगू नकोस. शपथ घाल स्वतःला.

भिंगरी

---

३० नोव्हेंबर

अरे,

हे पत्र तुला आहे, भिंगरीला नाही. तिला दाखवू नकोस.

आठवडाभर गप्प बसायचा प्रयत्न केला. माझ्याने होत नाही. तुझी पोरगी तुझ्यावर जीव टाकते म्हणूनच तुला काही गोष्टी सांगत नाही. तिला एकदा विचार, शाळेतून आल्यावर त्या दिवशी तिला काय म्हणायचं होतं. आणि विचारलंस की तोंडाला कुलूप लाव. कितीही वेळ लागू दे. तिचं वाक्य तू पुरं करू नकोस.

एवढंच. रागावू नकोस.

ताई

---

१४ डिसेंबर

ताई,

रागावू नकोस म्हणालीस म्हणून सांगतो, रागावलोय.

विचारलं तिला. म्हटलं, आत्या काहीतरी लिहितेय, तुला त्या शाळेत परत जायचं नाहीये ना? तिने मान हलवली. झालं समाधान?

तू शिक्षिका आहेस, तेव्हा तुझं मन शाळेच्या बाजूनेच ओढणार. पण त्या दिवशी मी तिला आणायला गेलो होतो आणि वर्गाच्या खिडकीतून मी ते बघितलंय. बाई म्हणत होत्या, ‘सावकाश, आम्ही थांबतो.’ आणि अख्खा वर्ग माना वळवून थांबला होता. एक पोरगा घड्याळात बघून मोठ्याने सेकंद मोजत होता. माझी पोर मागे एकटी उभी, तोंड उघडं, आवाज नाही. मी आत जाऊन तिचा हात धरला आणि घेऊन आलो. तू असतीस तर थांबली असतीस?

थांबली नसतीस. लहानपणी मी अडायचो तेव्हा वाण्याकडे, मास्तरांपुढे, पाहुण्यांसमोर, सगळीकडे माझं वाक्य तूच पुरं करायचीस. तेव्हा ती माया होती, आणि मी केलं की गुन्हा?

तिला इथे कोणी हसत नाही. तिला काही मागावं लागत नाही. मी तिला अडू देत नाही, यात माझं काय चुकलं ते मला समजावून सांग. किंवा नको सांगूस.

धाकटा

---

२० फेब्रुवारी

आत्या,

तू सांगितलंस. मी शपथ घाल म्हणाले होते.

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या कोणाला लिहू? आईला लिहिलं तर ती लगेच बाबाला दाखवेल.

क्लबच्या स्पर्धा झाल्या. अंतिम फेरीलाही पंच नव्हता. बाबा पहिल्यांदाच आत येऊन बसला, नवा शर्ट घालून. समोर तीच, लांब वेणीवाली. या वेळी मी बॉल बाहेर मारायचा नाही असं ठरवून गेले होते. दोघींची एकेक गेम झाली. शेवटच्या गेममध्ये दहा-आठ झाले आणि सर्व्हिस माझी.

मी बॉल हातात घेऊन उभी राहिले. द ओठांशी धरला. घाई केली नाही. तीही समोर उभी होती, बॅट खाली करून, गंमत म्हणून नाही, नुसती वाट बघत. तिच्याकडे बघून मला धीर आला. शब्द येणार होता, आत्या. येणार असला की मला आतून कळतं, शिंक यायच्या आधी कळतं ना तसं.

आणि मागून बाबा ओरडला, ‘दहा-आठ!’

सगळे हसले. वाईट नाही हसले, कौतुकाने हसले. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मी सर्व्हिस केली आणि ती तिला परतवता आली नाही. मी जिंकले. त्याचं सगळ्यात वाईट वाटतं. ढाल खळीच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलीय आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाबा ती दाखवतो.

त्या दिवसापासून मी घरात एक शब्दही बोललेली नाही. रागाने सुरू केलं, आता सवय झालीय. क्लबलाही जात नाही. जेवण समोर येतं, पुस्तकं येतात, अभ्यास होतो, बाबा प्रश्न विचारतो आणि उत्तरही तोच देतो. इतके दिवस झाले आणि अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

भिंगरी

---

३ मार्च

भिंगरी,

माझं चुकलं. तुझं वाक्य मी तुझ्या बापाकडे जाऊन पुरं केलं, म्हणजे मीही तेच केलं.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, गाडीत बसावं आणि तिथे येऊन त्याचा कान धरावा. पिशवी भरायला काढलीसुद्धा होती. परत ठेवून दिली. मी येणार नाही, फोन करणार नाही, त्याला लिहिणार नाही. तू सांगेपर्यंत मी गप्प बसणार आहे. मला ओळखणाऱ्या कोणालाही विचार, हे मला किती जड जाणार आहे.

पत्र मात्र लिहीत जा. रागाचं असलं तरी चालेल.

आत्या

---

१५ जून

ताई,

डिसेंबरात तुला वाटेल ते लिहिलं, त्यानंतर हे पहिलंच पत्र. तू काही कळवलं नाहीस. मला वाटलं, अबोला धरलास. काल भिंगरीने सांगितलं, ती सांगेपर्यंत गप्प बसायचं तू तिला कबूल केलं होतंस. ताई, तू एवढे दिवस गप्प बसलीस? माझा विश्वास बसेना.

सगळं सांगतो. मार्चमध्ये तिची आई एकदा पाळीवरून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, ‘हिचा आवाज तू शेवटचा कधी ऐकलास?’ मी म्हटलं, सकाळीच. ‘काय म्हणाली?’ मी आठवायला लागलो. सकाळचं आठवेना. आदल्या दिवशीचंही आठवेना. मागे मागे जात गेलो तर स्पर्धेच्या दिवसाशी येऊन थांबलो. दिवसभर ती माझ्यासमोर असते, ताई. माझ्या हातावर हात ठेवून पुठ्ठा धरते. पोर मुकी झाली होती आणि मी शेजारी बसून तिला भूगोल शिकवत होतो. घराचं काहीच अडलं नव्हतं. मी घर बांधलंच होतं असं.

मग मी हात आवरायला शिकलो. पाणी पुढे करायचं नाही. कात्री द्यायची नाही. पहिल्या दिवशी ती तहानलेली बसून राहिली आणि मी तसाच बघत बसलो, असा कसाई बाप कोणी पाहिला नसेल. मग ती उठली आणि स्वतः पाणी घेतलं. बोलली नाहीच. असे बरेच दिवस गेले. बायको म्हणाली, थांब. मी थांबलो.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी एका जाड ग्रंथाच्या पाठीला खळ लावत होतो. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाबा.’ मग ‘मला.’ आणि अडली. तिचा गळा हलताना दिसत होता, डोळे मिटत होते. तुला म्हणून सांगतो, माझ्या तोंडात चार वाक्यं तयार होती. मी ब्रशचा दांडा दातांत धरला. खळ हातावर वाळून पापुद्रा धरायला लागली. गिऱ्हाईक दारात आलं, त्याला मी हातानेच बाहेर थांबवलं. मला रडू येत होतं, पण रडलो असतो तर ती थांबली असती आणि माझी समजूत काढली असती. म्हणून तेही गिळलं.

तिने वाक्य पुरं केलं. ते माझ्या चारांतलं नव्हतं. ती म्हणाली, ‘मला शाळेत जायचंय, आणि तू सोडायला येऊ नकोस.’

पहिला भाग ऐकून वाईट वाटलं. दुसरा ऐकून खालीच बसलो.

बाकाची गोष्ट तिने त्यानंतर सांगितली, तुकड्यातुकड्याने. एका बाकासाठी मी पोरीचं वर्ष घरात कोंडलं. ती म्हणते, कोंडलं नाहीस, वर्ष चांगलं होतं, मला निकालांचे सगळे खंड पाठ आहेत. ती माझं मन राखायला म्हणते की खरंच, हे मी विचारत नाही. विचारलं तर उत्तरही मीच देईन.

आज शाळेचा पहिला दिवस आहे. नवीन शाळा आहे. प्रवेशाच्या वेळी तिथल्या मुख्याध्यापिकेशी ती स्वतः बोलली. मला आणि बायकोला बाहेर बसायला सांगितलं. आम्ही शिपायाच्या शेजारी बसलो होतो. बोलणं लांबलं, दार बंद होतं, आत काय झालं ते आम्हाला अजून माहीत नाही. पुढचा बाक मात्र तिने कबूल करून घेतलाय.

सकाळी गेली एकटी. मी कोपऱ्यापर्यंतही गेलो नाही. घर खायला उठलंय. सकाळपासून एकच पुस्तक शिवतोय आणि तेही उलटं शिवलं, दोनदा उसवलं. शेवटी तुला लिहायला बसलो. तिथे कोणी हसलं असेल का, कोणी मोजलं असेल का, मधल्या सुट्टीत ती कोणाजवळ बसली असेल, नुसतं मनात घोळतंय. तू वर्गात असतेस, तुला माहीत असतं पोरं कशी असतात. मला काही धीराचं लिहू नकोस, खरं असेल ते लिही.

फाटक वाजलं. आली.

दारातच उभी आहे, दप्तर पाठीवर तसंच. चेहऱ्यावरून काही कळत नाही. ‘बाबा, आज’ एवढं म्हणालीय आणि अडलीय. पेन खाली ठेवतो.

धाकटा